वैशाखातल्या तारलीचं तेल

ते प्रकरण डोळ्यांसमोर आलं की आजही मी खुर्चीतून अर्धी उठते. निवृत्त झाले, पण तो आनंद काही जुना होत नाही बघा.

रेवसच्या बाजूला आमचं लहानसं ठाणं. वैशाखातली सकाळ. कोळीवाड्यातली एक मासेवाली मावशी औषधाची डबी घेऊन आली. तिच्या नवऱ्याने हृदयाची गोळी महिन्याभरापूर्वी बंद केली होती. डबी विकणाऱ्याने सांगितलं होतं, हे माशाचं तेल घ्या, डॉक्टरची गोळी लागणार नाही. आता नवऱ्याला चार पावलांत धाप लागत होती. वाड्यात आणखी काहींनी तेच केलं होतं. आमच्या हवालदारांच्या खणातही तीच डबी निघाली, गुडघ्यांसाठी.

विक्रेत्याला चौकशीला आणलं. डब्यांचा पंचनामा केला, नमुना तपासणीला पाठवला. पण अहवालाला काही आठवडे लागणार. तोवर हा मोकळा, आणि त्याच्या भरवशावर लोकांच्या गोळ्या बंद. मला खरं काय ते त्याच दिवशी हवं होतं.

गडी गोडबोल्या. तारली माशात ओमेगा-३ असतं, शरीर ते स्वतः पुरेसं बनवत नाही, हृदयाला आणि मेंदूला चांगलं, सगळं पाठ. आणि ते खरंही होतं, तीच तर पंचाईत. मी घाटावरची, भाकरी-पिठल्याची. काय खोडणार? म्हटलं, तेल आणलंस कुठून?

"मॅडम, एकदम फ्रेश. याच महिन्यात बंदरावर तारली घेतली, समोर उभं राहून तेल काढून घेतलं."

शेजारच्या टेबलावर जबाब देत असलेली मावशी खुदकन हसली.

"आताची तारली? बाबा, ती रोडकी हाय. तव्यात टाकली तर वरनं तेल घालावं लागतं. दसऱ्यानंतर ये, मंग ती आपल्याच तेलात तळते. तुला कोनी पिळून दिली?"

मला धागा मिळाला. मग मी सोडते होय? किती पाट्या, कोणाच्या होडीच्या, कुठे पिळल्या? मावशी बंदरावरची होडी न् होडी ओळखत होती. तिसऱ्या खोट्या नावाला त्याने पाणी मागितलं, आणि मग सगळं ओकला. साधं खायचं तेल भरलेल्या सुट्या कॅप्सूल आणायच्या, माणगावच्या भाड्याच्या खोलीत डब्यांत भरायच्या, वर लेबल चिकटवायचं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, पण तिच्यामुळे खोली सापडली, लेबलांचे गठ्ठे सापडले. पुढे अहवालही तसाच आला.

गुन्हा नोंदवून मावशीबरोबर घरोघर सांगत फिरले. तिचा नवरा मात्र अडून बसला. मासा वाईट का, म्हणे.

"मासा खावा की, अवो. पन त्ये जेवान हाय, औषद न्हाय," ती म्हणाली, आणि तिने त्याला हाताला धरून आमच्या जीपमध्ये बसवलं. अलिबागला डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

खात्याने मला कलमं शिकवली. पण जन्मभर तारली विकणाऱ्या बायकांनी डबीवरच्या इंग्रजीपुढे स्वतःचं ज्ञान गप्प ठेवलं होतं, आणि मीही आधी कागदच चाळत बसले होते. त्यानंतर कुठल्याही मालाचा तपास असो, तो रोज हाताळणाऱ्याला मी सगळ्यात आधी विचारू लागले.

मावशीचा नवरा आजही अंगणात जाळी दुरुस्त करत बसतो. सकाळची गोळी घेतल्याशिवाय ती त्याला सुईला हात लावू देत नाही.