बियाण्यांच्या इमारतीतलं पहिलं बाळंतपण

परवा नातीच्या दवाखान्यात रंगकाम चालू होतं. ओला चुना आणि फिनेल यांचा मिसळलेला वास आला आणि मी थेट एकोणीसशे साठच्या सुमाराच्या उमरग्यात पोचले.

निजामाच्या काळात जिथं कापसाच्या बियाण्यांवर संशोधन व्हायचं, ती दगडी इमारत बंद पडली होती. सरकारनं तिथं सुईणींची शाळा काढली. आम्ही पहिल्या तुकडीच्या मुली. आमच्या डॉक्टरीणबाई पदर खोचून आमच्याबरोबर फरशा घासत होत्या.

चुना दिलेल्या भिंती अजून ओल्याच होत्या, तेवढ्यात दारात बैलगाडी थांबली. आत अडलेली बाळंतीण कण्हत होती. तिची सासू उंबऱ्यातच थबकली.

"हितं तर सरकी तपासत व्हते. हितं बाळंतपण करता व्हय?"

"मावशी, जागा नवी आहे, पण माझे हात जुने आहेत. आत आणा," बाई म्हणाल्या.

बियाणं निवडायचं लांब टेबल आम्ही धुतलं, पाणी उकळलं. बाईंनी माझा हात बाळंतिणीच्या पोटावर ठेवला.

"काय लागतंय, सांग."

"डोकं वर हाय, बाई."

"बरोबर. आता बघ."

बाळ पायाळू होतं. बाहेर आलं ते निळं, मुकं. बाई त्याची पाठ चोळत आम्हांला शांतपणे समजावत राहिल्या आणि एकदम ते रडलं. तेव्हा वाटलं, बाईंना भीती माहीतच नाही. पुढं शेकडो बाळंतपणं केल्यावर कळलं, तो शांत आवाज त्यांनी आमच्यासाठी धरून ठेवला होता.

सासू डोळे पुसत म्हणाली, "ह्यातली एक पोरगी आमच्या गावाला द्या."

शिक्षण संपल्यावर मी तेच गाव मागून घेतलं.