जावयासमोर फोल्ड

आईबाबा दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. मी रिठदला आत्याकडे राहून शिकले. स्टॅटिस्टिक्स घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. हे मी सांगतेच, कोणी विचारो न विचारो.

नोकरी लागली ती ऑनलाइन पोकर चालवणाऱ्या कंपनीत. पैसे लावून खेळायचे गेम कायद्यानं बंद व्हायच्या आधीची ही गोष्ट. वाशिमला भाड्याच्या खोलीतून वर्क फ्रॉम होम. काम म्हणजे खेळात कोणी लबाडी करतं का ते शोधणं. आईला अजूनही वाटतं, मी परीक्षेचे पेपर तपासत होते.

प्रोबेशनचा शेवटचा महिना होता. सकाळी सिस्टिमनं अलर्ट दिला. दोन खाती. एक धनजचं, एक अनसिंगचं.

पोकरमध्ये प्रत्येकाचे दोन पत्ते झाकलेले असतात. हातात काही नसताना मोठा डाव लावून समोरच्याला घाबरवायचं, तो ब्लफ. समोरच्यानं पत्ते टाकून दिले की तो फोल्ड. अनसिंगवाला ब्लफ करायचा आणि धनजवाला दरवेळी फोल्ड करायचा, चांगले पत्ते हातात असूनही. डाव संपल्यावर आम्हाला सगळ्यांचे पत्ते दिसतात, म्हणून कळलं. वरवर पाहता सरळ मिलीभगत.

पुण्याहून आमचे टीम लीड मंदार सर म्हणाले, "क्लिअर केस आहे. चारपर्यंत दोन्ही खाती बंद करून रिपोर्ट टाक." मग विचारलं, "तुझ्याच जिल्ह्यातले आहेत ना? ओळखीचे नाहीत ना?"

मी नाही म्हटलं. खरंच नव्हते. पण माझा आवाज मलाच खोटा वाटला.

रिपोर्ट लिहायला घेतला आणि सेकंदांवर अडकले. ऑनलाइन चेहरा दिसत नाही, त्यामुळे आम्ही वेळ वाचतो. धनजवाला इतरांसमोर तीन-चार सेकंदांत खेळायचा. अनसिंगवाल्यासमोर मात्र घड्याळाचे पंधराच्या पंधरा सेकंद घ्यायचा, मग फोल्ड. ज्यांचं आधी ठरलेलं असतं ते पटकन पत्ते टाकतात. हा माणूस दरवेळी तळमळत होता.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "रेकॉर्डेड लाइनवर फोन लाव, मी ऐकतो. पण सोडायचं म्हणालीस तर खाली सही तुझी. प्रोबेशन आहे, लक्षात ठेव."

फोन धनजवाल्यानं, म्हणजे गजाननरावांनी, उचलला. धनजला बी-बियाण्याचं दुकान. अनसिंगवाला कोण लागतो म्हटल्यावर म्हणाले, "जावई हायत माह्ये."

"त्यांच्यासमोर चांगले पत्ते काहून टाकता?"

"ताई, तो थापा मारून राह्यला हे मले समजत नाही काय? रोज समजते. पन पोरगी देल्ली त्यायच्या घरी. जावयाले उघडं पाडू काय?"

"मग दुसऱ्या टेबलावर बसा ना."

"उठलो तर म्हनन, सासरा भेला."

मला पटलं. आमच्याकडे जावयाच्या ताटात आधी वाढतात, तेही पटण्यासारखंच. पण ब्लफही पटण्यासारखाच असतो, नाहीतर तो चालला नसता. गजाननरावांनी एकही उत्तर अडखळत दिलं नव्हतं, आणि तेच मला खुपायला लागलं. सरांचा मेसेज आला, 'स्टोरी छान आहे. पुरावा?' अडीच वाजले होते. पाणी प्यायला उठले आणि न पिताच परत बसले.

मग एक सुचलं. आमच्याकडे नावं झाकलेली टेबलं असायची. समोर कोण आहे ते तिथं कळत नाही. मिलीभगत असेल तर दोघं फोनवर एकमेकांना ओळख देणार आणि तिथंही तसंच खेळणार. नुसता मान असेल तर सासऱ्याला जावई दिसणारच नाही.

जुने डाव उपसले. साडेतीन वाजता एक सापडला, दोघंही त्यात होते. जावयानं हातात काहीच नसताना सगळं लावलेलं. गजाननरावांकडे फक्त नव्व्यांची जोडी. पुढची ओळ उघडायला माझं बोट धजेना. इथं फोल्ड निघाला तर त्यांचं खातं गेलं, आणि सरांसमोर माझा शब्दही.

तीन सेकंदांत त्यांनी डाव स्वीकारला होता. जिंकले. वर चॅटमध्ये लिहिलेलं, 'लेका, कोनाले येडं बनवून राह्यला?'

सर हसले नाहीत. म्हणाले, "चॅटचा स्क्रीनशॉट जोड."

नियम मात्र नियम. मान राखून नरम खेळलं तरी टेबलावरच्या बाकीच्यांवर अन्याय होतोच. दोघांना ताकीद दिली, आणि एकाच टेबलावर बसायची बंदी. खाती वाचली. गजाननरावांना मीच कळवलं. झाकलेल्या टेबलाबद्दल अर्थातच काही बोलले नाही. ते म्हणाले, "बरं झालं ताई. मले उठता येत नव्हतं, तुमीच उठवलं."

वेळ मोजून माणूस घाबरलाय की नाही ते कळतं, कोणाला घाबरलाय ते विचारावं लागतं. आमच्या तपासणीच्या फॉर्ममध्ये 'दोघांचं नातं' हा रकाना त्यानंतर आला. तो मी घातला.

महिनाअखेर मला कायम केल्याचं पत्र मिळालं.