अकरा नंबरचा कागद

मी, बाबूराव ज्ञानू पवार, वय अठ्ठ्याहत्तर, चौथी पास, निवृत्त दफ्तरबंद, लिहून देतो की सखाराम कांबळे यांच्या नोकरीला लागलेला डाग माझा आहे.

सखाराम आज सकाळी मलकापुरात वारले.

आणीबाणीच्या आधीचे वर्ष. आम्ही दोघे साताऱ्यातील एका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये होतो, सखाराम कारकून आणि मी फाईली बांधणारा दफ्तरबंद. सांगली जिल्हा वेगळा झाला, तरी तिकडच्या काही गावांचे जुने कागद आमच्याकडेच होते. सुनावणी निघाली की फाईल लाल रुमालात बांधून एस.टी.ने सांगलीला जाई.

बांधण्यापूर्वी पडताळणी. सखाराम यादी वाचत. मी प्रत्येक कागदावर बोट ठेवून "हाय" म्हणायचो.

"नुसतं बघून हाय म्हनू नगंस, बाबू. बोट ठेव."

"कागद काय पळून जातुय व्हय रं?"

"कागद न्हाई पळत, गड्या. तुझं ध्यान पळतंय, एस.टी.कडं."

ती फाईल हौसाबाई नावाच्या विधवेच्या जमिनीची होती. अकरावा कागद, कब्जेपावती. तिचा सारा दावा त्या एका कागदावर.

पावती नकलेसाठी बाहेर काढलेली होती. जागेवर फक्त तशी चिठ्ठी, वर आकडा अकरा.

मी आकडा पाहिला. बोट ठेवले नाही.

"हाय."

सांगलीत पावती निघाली नाही. दावा फेटाळला. पुढे पावती सापडली, तोवर हौसाबाईंच्या रानात दुसऱ्याचे औत फिरले होते.

चौकशीत साहेबांनी विचारले, "पडताळणी कोणी केली?"

मी नोकरीत कायम झालो नव्हतो. मान खाली घातली.

सखाराम म्हणाले, "यादीवर सही माझी हाय, साहेब."

त्यांची पाटणला बदली झाली. बढती कायमची अडली. माझे नाव त्यांनी कधी घेतले नाही.

मीही घेतले नाही.

माझी नात वैशाली पुण्यात सॉफ्टवेअरची टेस्टिंग करते. ती म्हणते, यादीत नाव आहे आणि फाईल जागेवर नाही, असे दिसले की त्यांचे मशीन तिथेच थांबते, पुढे जात नाही.

आमच्याकडे थांबवण्याचे काम माझे होते.

अंत्यविधीनंतर त्यांच्या मुलाला, आनंदला, मी सर्व सांगितले.

तो म्हणाला, "आवं तात्या, आमचे दादा हुते तवा का न्हाई बोललासा?"

हा कागद लिहून द्यायचे मी तिथेच ठरवले.

सखाराम, माझा अखेरचा जय भीम.

हजर साक्षीदार: हे टाईप करणारी माझी नात वैशाली.

आणि आनंद सखाराम कांबळे. नाव घालू का, असे मी त्याला विचारले.

"घाला," म्हणाला.