वैशालीचं चौथं पाऊल

वैशाली काल गेली, आणि मला अजूनही तिचा हेवा वाटतो.

आठ दिवस ताप होता. नागपूरच्या दवाखान्यात, काल सकाळी.
एकतीस वर्षांची होती. शाळेत पाच वर्षं माझ्या शेजारच्या बाकावर.

मी गोंदिया शहरातली. ती बोदलकसाजवळच्या खेड्यातली, मामाकडे राहून शिकलेली.
पुढे मी साउंडचं शिक्षण घेतलं, मुंबईत कामाला लागले. ती गावी परतली. धानाची शेती, आई, दोन म्हशी.

आमच्या ठाणेदाराच्या सिनेमाचं शूटिंग तिच्याच गावाजवळ होतं. बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, धरायला माणूस हवा होता, म्हणून मी तिला बोलावलं.
तिचा हात तासभर हलायचा नाही.
माझा हलतो.

ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी: गोष्ट पंचावन्न सालची. एक लाचखाऊ ठाणेदार चोरट्या धानाच्या गाड्या सोडून देतो. त्याच्यामुळे एका हमालाचा जीव जातो. मग तो ज्यांचं खाल्लं त्यांच्यावरच उलटतो.
जीपचा पाठलाग, गोळीबार, पेटलेलं गोदाम. हे सगळे आवाज माझे. दोन महिने लागले. प्रत्येक बंदुकीचा आवाज वेगळा आहे, आणि तो त्या काळच्या बंदुकीचाच आहे.

त्याबद्दल मला आजवर कोणी विचारलेलं नाही.

सगळे विचारतात शेवटच्या चालण्याबद्दल.

ठाणेदार बूट काढून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर ठेवतो, पिस्तूल बुटात ठेवतो, आणि पाणी भरलेल्या बांधीतून, धानाच्या खाचरातून पलीकडे निघतो. स्वतःविरुद्ध जबानी द्यायला.
शॉट कमरेच्या वर आहे. पाय दिसत नाहीत. फक्त चिखल ऐकू येतो.

तो आवाज मी आधी स्टुडिओत केला होता. ट्रेमध्ये माती, पायांच्या जागी ओलं कातडं, दोन माइक. स्वच्छ, पातळी अचूक.
सुट्टीत घरी आले तेव्हा तिच्या अंगणात बसून तिला हेडफोनवर ऐकवला. कौतुक ऐकायचं होतं, दुसरं काही नाही.

तिनं दोनदा ऐकलं.
"हा चिखलातून नाही, कणकेतून चालून राहिला."

"काऊन?"

"टाच पहिले टाकून राहिला ना. बांधीत टाच पहिले टाकली का माणूस पडते. बोटं पहिले घालाव लागते."

"तो ठाणेदार आहे, शेतकरी नाही."

"त्याची माय धानाच्या रोवणीले जाते ना सिनेमात? मग बूट घालाच्या पहिले तो काय हवेत चालत होता?"

मी म्हणाले, पाय दिसतच नाहीत शॉटमध्ये.
"म्हणूनच त. आयकू येऊन राहिले ना."

आतून काकू, तिची आई, म्हणाल्या, "तिले कायले सांगतं? गोंदियाचा चिखल नालीत राहते."
दोघी हसल्या. मीही हसले. मला आवडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला बांधीवर घेऊन गेली. साडी खोचली आणि पाण्यात उतरली. मी धुऱ्यावर माइक धरून.

पहिलं पाऊल, टाच आधी. जड, ओबडधोबड.
दुसरं तसंच. तिसऱ्याला ती पडता पडता राहिली.
चौथं तिनं बोटांवर घातलं. आवाज जवळजवळ नाहीच. पाणी फक्त बाजूला झालं.

"तीन पावलं ठाणेदाराची," ती म्हणाली. "चौथं त्याच्या मायच्या पोराचं."

रेकॉर्डिंगमध्ये वारा होता, मागे कुठेतरी मोटरपंप. मी फाइल टाकून देणार होते. मुंबईत शॉटवर लावून पाहिली.
मग स्टुडिओतली फाइल टाकून दिली.

दिग्दर्शकांना वाटलं, माझंच काम आहे. मी त्यांना सांगितलं नाही.
श्रेयनामावली मी टाइप केली. पावलांचे आवाज: माझं नाव. बूम: तिचं.

गोंदियात सिनेमा लागला तेव्हा ती काकूंना घेऊन आली. शेवटची नावं संपेपर्यंत उठली नाही. मी पडद्याकडे नाही, तिच्याकडे पाहत होते.
ती म्हणाली, "मले पहिली वेलांटी दिली तू. 'वैशालि'. माही वेलांटी दुसरी आहे."

एवढंच म्हणाली.

पुढे एका समारंभात मला स्टेजवर विचारलं, ते चौथं पाऊल सुचलं कसं? मी म्हणाले, "आम्ही बराच रिसर्च केला."
तिनं तो व्हिडिओ पाहिला. मेसेज आला: मस्त बोलली. साडी कोणती होती?

ती चिडली असती तर बरं झालं असतं. मी उत्तर तयार ठेवलं होतं. बूम धरणाऱ्याला पावलांचं श्रेय देत नाहीत, वगैरे. ते वापरायची वेळ तिनं कधी आणलीच नाही.

शिकले मी. मोजलं मी. कान तिला होता.
याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो गेला असं आज लिहिणार नाही.

काल रात्रभर काही केलं नाही. आज सकाळी दोन कामं केली.

दिग्दर्शकांना फोन करून चौथ्या पावलाबद्दल सांगितलं. ते म्हणाले, लेखी पाठव. पाठवलं. ऑनलाइन आहे त्या प्रतीतलं नाव ते बदलणार आहेत.

दुसरं, मूळ फाइल काढली. सिनेमात मी ती चौथ्या पावलावर कापली आहे. पुढे अकरा सेकंद आहेत. पाणी, आणि ती:
"झालं का वो मॅडम? का दुपारपर्यंत उभं ठेवतं मले? पाय गारठून राहिले माहे."

मी त्यात हसताना ऐकू येते. माझं हसणं बऱ्यापैकी खरं वाटतं.

ही फाइल काकूंना पाठवली आहे. ती मी दुरुस्त केलेली नाही. वारा आहे, मोटरपंपही आहे.

तीन पावलं आणि चौथं, चारही वैशालीची.
नाव पाठवण्याआधी तीनदा तपासलं. वेलांटी दुसरी आहे.

जा वैशाली. पाय कोरडे कर.