बिननावाचं बटण

कोंडाजी पगारेंना कुणी नुसतं विचारलं, की फोन कोणता घेऊ, तर त्या माणसाची संध्याकाळ गेली म्हणून समजायचं. मनमाडच्या रेल्वे वर्कशॉपात ते फिटर होते. निवृत्तीनंतर नाशिकरोडला मुलीकडे, संजनाकडे राहायला आले. संजना शाळेत शिकवायची. नोकरी सुटली तरी यंत्राबद्दल मत देण्याची कोंडाजींची खोड काही सुटली नव्हती. नव्या फोनच्या खोक्यातून कंपन्यांनी चार्जर काढून टाकला तेव्हा ते आठवडाभर तणतणत होते. "वर्षभर खपून कंपनी फोन पातळ करती," ते म्हणायचे, "अन् आपण दुकानाबाहेर पडायच्या आत त्याला जाड कव्हर घालतो."

शेजारचे लहानू त्रिभुवन पक्के आयफोनवाले, कोंडाजी अँड्रॉइडचे. वसाहतीच्या पारावर दोघांची रोज जुंपायची. लहानू म्हणायचे, "माझा फोन पाच वर्षं झाली, अजून नव्यासारखा चालतो." त्यावर कोंडाजी म्हणायचे, "तुझा फोन म्हणजे भाड्याचं घर. खिळा मारायचा तरी मालकाला विचारावं लागतं." एवढं बोलून दोघं एकत्रच चहाला जायचे.

काचबिंदू डोळ्यांत कधी शिरला ते कळलंच नाही. आधी नजरेच्या कडा गेल्या, मग मधलंही धूसर होत गेलं, आणि पासष्टी ओलांडल्यावर उजेड की अंधार एवढंच कळायचं राहिलं. गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्याच दिवसांत पायरीवर आपटून त्यांचा फोनही फुटला.

संजनानं त्यांच्यासाठी बटणांचा फोन आणला. मोठाले आकडे, मोठा आवाज. "बाबा, एक दाबलं की मला लागेल. दोन दाबलं की लहानूकाकांना."

कोंडाजींनी बटणांवरून अंगठा फिरवला. "अन् तीन?"

"तीनला कुणी नाही ठेवलं."

"म्हंजे आता माझ्या जगात दोनच माणसं."

संजना फोनचं खोकं आवरायला लागली. तिनं तो फोन मायेनंच आणला होता आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी हातानं चाचपत तिचा खांदा गाठला. "माझी नजर गेली, संजना. बाकीचा मी हितंच हाय. मला फोन पाहिजे, पहिल्यासारखा."

दुसऱ्या दिवशी लहानूंच्या दंडाला धरून ते एमजी रोडच्या मोबाइल दुकानात गेले. विक्रेता लहानूंकडे बघून बोलायला लागला. "काकांसाठी हा घ्या. कॅमेरा जबरदस्त आहे."

"माझ्याशी बोला," कोंडाजी म्हणाले. "कॅमेऱ्याचं राहू द्या. याला बोलता येतं का ते दाखवा."

डोळे धड होते तेव्हा नव्या फोनमधली प्रत्येक सेटिंग उघडून बघायची त्यांना सवय होती. बोटाखाली जे येईल ते फोन वाचून दाखवतो, अशी सोय त्यांनी तेव्हा पाहिली होती. ती कुठं दडली होती ते मात्र आठवेना. विक्रेत्यालाही माहीत नव्हतं. पण पोरगा उत्साही होता. दोघांनी मिळून शोधलं, आणि एकदम फोनमधून बाईचा आवाज आला. आता नेहमीसारखं दाबून काहीच उघडेना. एकदा टेकवलं की फोन नुसता नाव सांगायचा, पटापट दोनदा टेकवलं तरच उघडायचा.

"काका, हे बंद कसं करायचं?" विक्रेता गडबडला.

"बंद करू नका. तसाच बांधून द्या."

लहानूंनी तिथंच आपल्या फोनमध्ये तीच सोय शोधली, तर तोही बोलायला लागला. एवढी वर्षं वापरून त्यांना पत्ता नव्हता. कोंडाजी खूश झाले. "एकानं केलं म्हणून दुसऱ्यानं केलं असणार. भांडू दे कंपन्यांना. त्यांच्या भांडणात आपलं काम होतंय."

शिकायला मात्र घाम फुटला. फिटरच्या हाताला जोर लावायची सवय. इथं काम नुसत्या स्पर्शाचं. संजनाला लावलेला फोन वर्कशॉपातल्या जुन्या फोरमनना लागायचा. एकदा वैतागून त्यांनी तो उशीवर आपटला आणि पुन्हा चाचपून उचलला. हळूहळू बोट वळायला लागलं. बातम्या, गाणी, नातेवाइकांचे जयभीमचे मेसेज, सगळं ऐकू यायला लागलं.

मग त्यांनी घरची भाजी आणायचं काम मागून घेतलं. पूर्वी मंडईत तेच जायचे. शहरात 'भाजीवेळ' नावाचं ॲप चालायचं. कांदे, मेथी, टोमॅटो, सगळं नीट वाचून दाखवायचं. पण शेवटच्या पानावर फोन म्हणायचा, "बटण. बटण. बटण." डोळसांना तिथं चित्रं दिसत होती, बनवणाऱ्यांनी त्या चित्रांना नावंच दिली नव्हती. कोंडाजींनी अंदाजानं एक दाबलं, तर ॲपमधली भरलेली सगळी टोपली रिकामी झाली. दुसऱ्यांदा पत्ता बदलला आणि चार जुड्या मेथी संजनाच्या शाळेच्या ऑफिसात पोचली.

"बाबा, मी मागवत जाईन ना," ती म्हणाली. "दोन मिनिटांचं तर काम आहे."

"तुझी दोन मिनिटं नकोत मला. माझं काम पाहिजे."

त्यांनी कंपनीला फोन लावला. तिकडून सांगण्यात आलं, स्क्रीनशॉट पाठवा. तो कसा काढायचा ते शिकून त्यांनी पाठवला. उत्तर आलं, स्क्रीनशॉटमध्ये सगळं बरोबर दिसतंय.

"दिसतंय हो," कोंडाजी म्हणाले. "बोलत नाय."

तक्रार बंद झाली. पुढच्या सोमवारी त्यांनी नवी केली. तीही बंद झाली, तेव्हा आणखी एक. दर सोमवारी आंघोळ उरकली की पहिला फोन भाजीवेळला, असा नेमच झाला. लहानू म्हणाले, "जाऊ दे ना, कोंडाजी." कोंडाजींनी ऐकलं नाही.

एका दुपारी उलटा फोन आला. "काका, मी तेजल. ते ॲप आमची टीम बनवते. तुमच्या सगळ्या तक्रारी मी ऐकल्यात. मी साहेबांना हे आधीच सांगितलं होतं, पण ते म्हणाले, ज्यांना दिसत नाही ती माणसं आपलं ॲप वापरतात कुठं? तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. उद्या मीटिंगमध्ये तुम्ही फोनवर याल?"

मीटिंगसाठी कोंडाजींनी लहानूंचा फोन लावून ठेवला आणि आपल्या फोनवर भाजी मागवायला घेतली. टोपली भरली, शेवटचं पान आलं. तिकडे सगळ्यांना ऐकू गेलं: बटण, बटण, बटण.

"साहेब, यातलं कोणतं दाबू?"

साहेबांनी जरा विचार करून सांगितलं, "मधलं."

त्यांनी मधलं दाबलं आणि टोपली साफ रिकामी झाली. पलीकडे हशा पिकला, साहेबही हसले. मग त्यांनी विचारलं, "तेजल, हे करायला किती वेळ लागेल?"

"नावंच द्यायची आहेत, सर. हा आठवडा पुरे."

सुधारणा आली, पण आधी आली ती आयफोनवर. लहानूंनी पारावर सगळ्यांना गोळा करून आपल्या फोनवर 'पैसे भरा, बटण' हे ऐकवलं. कोंडाजी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाहीत. मग कोंडाजींच्याही फोनवर ती आली. त्या सकाळी त्यांनी गवार, दुधी आणि कोथिंबीर मागवली. पिशवी आली तेव्हा संजना शाळेत होती. कोंडाजींनी दारातच बसून गवारीच्या शेंगा बोटांनी मोडून पाहिल्या, कोवळ्या होत्या, आणि निवडायला घेतल्या.

त्यानंतर भाजी त्यांच्याकडेच राहिली. नवं काही बनवलं की तेजल आधी त्यांना वापरायला पाठवते, आणि ते तिला सरळ सांगतात. परवाच म्हणाले, "ते कूपनचं पान अजून मुकं हाय."

"पुढच्या महिन्यात करते, काका."

"बरं. मी सोमवारी फोन करतो."