शेखाडीच्या कातळावर दोन थापाडे

शुक्रवारी दुपारी मोरेश्वर पाटलाचा फोन आला. "सुहास, उद्या-परवा दुकान बंद ठेव. परवा पौर्णिमा हाय. इक्बालभाई बोलवतायत."

माझं पनवेलला झेरॉक्सचं दुकान आहे. मोरेश्वर पेणचा, दोन ट्रक आणि एका पिकअपचा मालक. इक्बालभाई बोर्ली पंचतनचे. बावीस वर्षं कुवेतमध्ये काढून आता ते गावात सुपारीची वाडी बघतात. वर्षातून दोन-तीनदा आम्ही तिघं गरवायला जातो, म्हणजे खडकावर बसून गळ टाकायला. मासे बेताचेच मिळतात. जायचं खरं कारण म्हणजे त्या दोघांच्या थापा.

शनिवारी सकाळी पिकअपनेच निघालो. पेण, कोलाड, माणगाव, मग उजवीकडे वळून म्हसळा आणि तिथून बोर्ली. नकाशात काहीही दिसो, पनवेलपासून चार तास धरा. माणगावच्या आधी एका ठिकाणी हायवेचं काम चालू होतं, तिथे अर्धा तास गेला. माणगावला मिसळ खाऊन घ्या, कारण पुढे घाटात चहाची टपरीसुद्धा क्वचितच दिसते. इक्बालभाईंसारखा मित्र नसेल तर दिवेआगरला घरगुती खोली मिळते. आडवारी गेलात तर स्वस्त पडते. आम्हाला मात्र झुबेदाभाभींच्या हातची तांदळाची भाकरी आणि कोळंबीचा रस्सा होता.

रविवारी पहाटे सहाला बोर्लीजवळच्या शेखाडीच्या रस्त्यावर गाडी लावली आणि खाली उतरलो. गाडीपासून कातळाच्या टोकापर्यंत वीस मिनिटं लागतात. पौर्णिमेला पाणी भल्या सकाळी खूप लांब ओसरतं आणि दुपारी साडेबारापर्यंत तितकंच जोरात भरतं. त्यामुळे काही झालं तरी आठला उठायचं, हे इक्बालभाईंनी उतरतानाच सांगितलं होतं.

गळ टाकले आणि गप्पा सुरू झाल्या. आमच्यात एकच नियम आहे. ऐकणाऱ्याच्या तोंडून 'खोटं' निघालं की सगळे मासे त्यानं साफ करायचे. त्यामुळे काहीही ऐकलं तरी मान डोलवायची आणि त्याहून मोठी थाप मारायची.

"कुवेतला गरमी इतकी," इक्बालभाई म्हणाले, "की मासा पाण्यातून वर खेचेपर्यंत भाजून निघायचा. आम्ही बोटीवर फक्त लिंबू न्यायचो."

मोरेश्वरने मान डोलवली. "बरोबर हाय. माझ्या गळाला एकदा खाडीत जिताडा लागला. दोन तास वढला. शेवटी त्यानंच मला वढत पलीकडं न्हेला. तिकडं माझी सासुरवाडी. म्हटलं, आलोच हाय तर जेवून घेऊ. जेवून आलो तर जिताडा काठाला उभा, परत सोडायला."

मी पोट धरून हसत होतो. इक्बालभाईंनी शांतपणे विचारलं, "त्याला जेवायला नाय बोलावलंस?"

या नादात साडेआठ वाजले. पाणी आमच्या मागच्या घळीत शिरलं होतं, ते आम्हाला उठल्यावर दिसलं. घाईघाईत परत निघालो. इक्बालभाई पुढे होते. त्यांनी एका मोठ्या धोंड्यावर पाय टाकला, धोंडा कलंडला आणि त्यांचा उजवा पाय खालच्या फटीत गेला. ते ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "मोरू, पाय निघत नाय."

आम्ही दोघांनी धोंडा ढकलून पाहिला. जागचा हलला नाही. बुटाची नाडी सोडायला हात घातला, पण बोटं आत पोचत नव्हती. पाणी त्यांच्या घोट्याशी होतं आणि प्रत्येक लाटेला गुडघ्यापर्यंत चढत होतं. तिघांच्याही फोनला रेंज नव्हती.

"पिकअपच्या शिटामागं जॅक हाय," मोरेश्वर मला म्हणाला. "त्याचा दांडा पण आण. पळ."

मी वीस मिनिटांची वाट किती वेळात कापली, मला माहीत नाही. दोनदा घसरलो, ढोपर फुटलं. रस्त्यावर रेंजची एक काडी आली, तेव्हा झुबेदाभाभींना फोन केला. "भाईंचा पाय अडकलाय, माणसं पाठवा," एवढंच बोललो आणि जॅक छातीशी धरून पुन्हा खाली धावलो. धावताना एकच विचार होता, की त्यांचे आवाज ऐकू येत नाहीत.

घळीजवळ पोचलो तेव्हा ऐकू आले. पाणी इक्बालभाईंच्या कमरेच्या वर होतं. मोरेश्वर त्यांच्या पाठीमागे उभा राहून त्यांना काखेत धरून होता आणि दोघं त्या जिताड्याच्या वजनावरून वाद घालत होते.

मोरेश्वरने मला त्याच्या जागी उभं केलं आणि जॅक घेऊन पाण्याखाली गेला. सगळं हातानं चाचपून करायचं होतं. पहिल्यांदा जॅक सटकला. तो वर आला, श्वास घेतला आणि म्हणाला, "मग सासऱ्यानं इचारलं, कशानं आलास?" आणि परत खाली गेला. दुसऱ्यांदाही सटकला. वर येऊन म्हणाला, "म्हटलं, जिताड्यानं." मग एक चपटा दगड शोधून तो जॅकखाली द्यायला पुन्हा खाली.

एव्हाना पाणी इक्बालभाईंच्या छातीला लागलं होतं. मी त्यांना धरलं होतं. मोरेश्वर वर आल्यावर ते म्हणाले, "मोरू, पुरे जिताडा. पाणी इथं कुठवर चढतं?"

शेजारच्या खडकावर कालवांच्या कवचांची पांढरी रेघ होती. दर भरतीला पाणी तिथवर येत असणार. ती आमच्या डोक्यांच्या हातभर वर होती. मोरेश्वरनं तिच्याकडे पाहिलं.

"छातीच्या वर न्हाय येत," तो म्हणाला. "लहानपणी हितंच तर खेळलोय मी."

मोरेश्वरचं लहानपण पेणला गेलं. या कातळावर खेळलेले इक्बालभाई होते. त्यांनी त्याच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. 'खोटं' म्हणाले नाहीत. म्हणाले, "बरं."

मोरेश्वर चौथ्यांदा खाली गेला. दांडा हलायला लागला तशी माझ्या तळव्यांना दगडाची कुरकुर जाणवली. मग इक्बालभाईंनी एकदम माझा दंड इतका घट्ट पकडला की पुढे आठवडाभर तिथे वळ होते. पाय सुटला. आम्ही त्यांना ओढत, पोहत, ढकलत वरच्या कातळावर आणलं. गावातली चार माणसं उतरताना दिसली, तेव्हा मोरेश्वर खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. त्याचे हात सोलून निघाले होते.

श्रीवर्धनला डॉक्टरांनी घोट्याचं हाड मोडल्याचं सांगून प्लास्टर घातलं. दुपारी झुबेदाभाभींनी आम्हाला जेवायला वाढलं. मोरेश्वरच्या हातांना हळद लावून दिली आणि माशाचे काटे काढून त्याला भात कालवून दिला, कारण सोललेल्या बोटांनी ते त्याला जमत नव्हतं.

परतताना मोरेश्वर तळव्यांना फडकं गुंडाळून गाडी चालवत होता, माणगाव मागे पडलं. मग मी विचारलं, "भाईंना माहीत होतं ना, पाणी कुठवर येतं ते?"

"मग? न्हाय कसं?" मोरेश्वर म्हणाला, आणि गाडी चालवत राहिला.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जॅक नसता तर?"

शेखाडीला जरूर जा. समुद्र तिथे फार सुंदर आहे. पण भरतीची वेळ गावात विचारून जा, ती कागदावर लिहून घ्या, आणि ती वेळ झाली की गोष्ट अर्धी राहिली तरी उठा.

या घटनेला चार महिने झाले. मला वाटलं होतं, एव्हाना त्या दोघांनी जॅकनं अख्खा डोंगर उचलला असेल. पण ही हकिकत ते कुणालाच सांगत नाहीत, एकमेकांसमोरही नाही. म्हणून लिहायच्या आधी इक्बालभाईंना फोन केला आणि विचारलं, लिहू का?

"लिही," ते म्हणाले. "पण झालं तसंच लिही हां, सुहास. वाढवू नको."