खुर्ची दिली, बाक काढून घेतला

अन्याय झाला तो माझ्या धाकट्या बहिणीवर. यंदाच्या गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, सकाळची हजेरी संपून इंग्रजीचा तास लागला तेव्हा, बारामतीच्या एका हायस्कुलात, आठवीच्या वर्गात.

आम्ही इंदापूरकडचे. विहिरीच्या पाण्यावर वांगी, गवार, मेथी करतो आणि बाजारी नेतो. बहीण बारामतीला आत्याकडे राहून शिकत होती. तिला मास्तरीण व्हायचं होतं. सरकारनं इंग्रजी आठवीपासून ठेवली, म्हणे सगळी मुलं एका रेषेवर यावीत. वकील-डॉक्टरांची मुलं ती घरीच उरकून येतात. माझ्या बहिणीनं सुट्टीत मेथीच्या जुड्या बांधता बांधता स्पेलिंगं घोकली. "के एन आय एफ ई, नाइफ. नाइफ म्हणजे सुरी." आई म्हणायची, "अगं, के म्हनतीस आन लगीच गिळतीस व्हय त्याला?"

त्या दिवशी सरांनी तिला हेच स्पेलिंग विचारलं. तिनं बरोबर सांगितलं. सर म्हणाले, "मग के उच्चारला का नाहीस?"

"त्यो हितं नुसता ल्ह्यायचा हाय, सर. बोलायचा न्हाय."

वर्ग फिदीफिदी हसला. पुढच्या बाकावरून कुणीतरी "न्हाय, न्हाय" असं रेकलं. सर त्याला काही बोलले नाहीत. हिला म्हणाले, "इंग्रजी राहू दे. आधी तोंडातलं शेण काढ. तोवर बाहेर उभी राहा."

ती दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "न बोलनाऱ्या के ला तुमी आत ठिवता, सर. आन मी बोलले तर मला भाईर?"

हे मला तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीनं सांगितलं. बहीण स्वतः आत्याच्या घरी येऊन नुसती भांडी घासत बसली होती.

तो के इंग्रज लोक एके काळी उच्चारत होते म्हणतात. पुढं जिभेला जड झाला, टाकला. कागदावर मात्र जपून ठेवला, आणि आमची पोरं त्याला रोज मुजरा करतात. साहेबाची जीभ वळली तर तो नियम, आमची वळली तर शेण! आणि हे म्हणणारे सर कोण? मागच्या हिवाळ्यात बाजारतळावरच्या सभेत मराठी भाषकांचं वेगळं राज्य व्हावं म्हणून घसा फोडणारे. "खेड्यापाड्यातली मराठी हीच खरी मराठी," असं ते म्हणाले होते. त्या सभेचे कागद मी खळ लावून भिंतींना चिकटवले होते. टाळ्याही वाजवल्या होत्या. आठवलं की अजून हात धुवावेसे वाटतात.

पाडवा झाल्यावर, मुलगी सरांना उलट बोलली असा निरोप धाडून हेडमास्तरांनी वडिलांना बोलावलं. वडिलांना आम्ही तात्या म्हणतो. मीही बरोबर गेलो. तात्या भांडायच्या तयारीनं निघाले होते. कचेरीतला शिपाई "ए म्हाताऱ्या, सरक तिकडं" म्हणाला तर काम होईस्तोवर तिथंच फतकल मारून बसणारे आमचे तात्या. पण इथं हेडमास्तर उठून उभे राहिले. स्वतःच्या हातानं खुर्ची पुढं सरकवली. कपबशीतून चहा आला.

"आपली मुलगी गुणी आहे. पण आपल्या घरचं वळण वेगळं, इथलं वेगळं. तिची ओढाताण आपल्यालाही बघवणार नाही."

"व्हय, सायेब."

"परीक्षेआधी नाव काढलंत तर नापासाचा शिक्का बसणार नाही. आपण जाणते आहात."

"व्हय."

मी म्हणालो, "तात्या, ती नापास होतीय कशाला? तिचं तर..."

"गप रं. मोठी मानसं बोलत्यात."

आणि तात्यांनी सही केली.

परतीच्या एसटीत ते गुडघ्यावरचा फेटा कुरवाळत म्हणाले, "उठून खुर्ची दिली रं त्यांनी. मला आपन म्हनले. उठून जागा देनाऱ्याचा शबूद त्याच्याच दारात कसा खाली पाडायचा?" आमच्याकडची रीत आहे ही, आणि त्या शहाण्याला ती पक्की ठाऊक होती.

आत्याकडून बोचकं घेऊन आमच्याबरोबर निघालेली बहीण खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "खुर्ची तुमाला दिली, तात्या. बाक माझा गेला."



तात्यांवर माझा राग नाही. शिसारी येते ती त्या चहाची. शिपायाची शिवी समोरून येते, तिला उलट शिवी देता येते. या गोड 'आपण'ला काय द्यायचं? आता बहीण बांधावर जुड्या बांधते. स्पेलिंगं म्हणत नाही. परवा आईनं "तात्या आलं का गं?" म्हणून विचारलं तर "आले नाहीत अजून" असं तुटक, पुस्तकातलं बोलली. आई बावरून तिच्याकडं बघत राहिली, मग घरात निघून गेली. एवढंच त्या शाळेनं तिला शिकवलं. आईशी कसं बोलू नये, ते.

जूनमध्ये शाळा उघडते. तुम्ही हे वाचताय, म्हणजे तुम्हाला बाक मिळाला होता. पहिल्या दिवशी माझ्याबरोबर हेडमास्तरांच्या खोलीत या. ते उठतील, खुर्ची पुढं करतील, चहा मागवतील. बसू नका. कपाला हात लावू नका. उभ्या उभ्या, आपल्या घरात बोलता तसं सांगा: पोरीचा बाक परत द्या.